मराठी नावाची फाइल डाउनलोडसाठी देण्यापूर्वी

विद्यार्थ्यांना गुणपत्रक वेब सर्व्हरवरून उतरवून घेण्याची सोय खुली करण्यापूर्वी पहिली तपासणी फाइलच्या नावाची करावी, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात. ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या हेडरमध्ये (फाइलसोबत सर्व्हर ब्राउझरला पाठवतो त्या सूचनेच्या ओळीत) ‘अटॅचमेंट’ असल्याची खात्री करावी, नाहीतर पीडीएफ जतन न होता ब्राउझरच्या टॅबमध्येच उघडते. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत असावे. ती चिन्हे द्यायची राहिली, तर फायरफॉक्स पहिल्या मोकळ्या जागेपाशी नाव तोडतो आणि नावात स्वल्पविराम असल्यास क्रोम दोन हेडर आल्याचे समजून डाउनलोडच नाकारू शकतो.

नाव देवनागरीत असेल, तर २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट-मानकानुसार ते दोनदा द्यावे: आधी ‘फाइलनेम’मध्ये रोमन लिपीतले साधे नाव आणि मग तारांकित ‘फाइलनेम*’मध्ये खरे नाव, यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीतील प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह लिहून. दिसायला पाच अक्षरांचा ‘गुणपत्रक’ हा शब्द उकार आणि हलन्त धरून आठ चिन्हांचा असतो. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, टक्केचिन्ह धरून प्रत्येक बाइटची तीन अक्षरे, म्हणून हेडरमध्ये तो ७२ जागा अडवतो. विद्यार्थ्याचे नाव, शाळा आणि परीक्षा असे सगळे फाइलच्या नावात कोंबण्याची हौस आवरलेली बरी.

फाइलचा प्रकार सांगणारा ‘कंटेंट-टाइप’ हेडर खरा लिहावा आणि सोबत, ब्राउझरने प्रकाराचा स्वतः अंदाज बांधू नये म्हणून, ‘नोस्निफ’ची सूचना द्यावी, विशेषतः फाइल वापरकर्त्यांनीच चढवलेल्या असतील तेव्हा.

जुन्या कोडमध्ये ‘कॅश-कंट्रोल: पब्लिक’ अशी, फाइलची प्रत कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) कुणालाही ठेवू देणारी ओळ आढळली, तर ती बारकाईने पाहावी. इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘नो-कॅश’ असलेली फाइल एचटीटीपीएसवरून उतरत नसे, म्हणून अनेकांनी हा तोडगा लावला होता. पण त्यामुळे खासगी गुणपत्रक मधल्या सामायिक कॅशमध्ये साठू शकते. विंडोज १० वरील एक्सप्लोरर ११ चाही आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी काढून घेतला, तेव्हा ती ओळ बदलून ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’ करावी.

डाउनलोडचा कोड पीएचपी या भाषेत असेल, तर त्या फाइलमध्ये सुरुवातीच्या खुणेआधी एखादी रिकामी ओळ राहिलेली नाही ना, हेही पाहावे. तेवढ्यानेही उतरवलेली झिप फाइल बिघडते. शेवटी ‘गुणपत्रक, मार्च.पीडीएफ’ अशी स्वल्पविराम आणि मोकळी जागा असलेली फाइल संगणकावरील फायरफॉक्स, अँड्रॉइडवरील क्रोम आणि आयफोनवरील सफारी या तिन्हींत उतरवून जतन झालेले नाव अक्षरशः ताडून पाहावे.