‘काहीच सापडलं नाही’ हे कसं लिहायचं?

मी काय काम करतो हे रावेरकडच्या आमच्या गावात मला अजून धड सांगता आलेलं नाही. वडिलांना एकदा म्हटलं, “कोडमध्ये शोधाशोध करायचं अवजार असतं, ते कसं वापरायचं हे लिहितो.” “कोणासाठी?” “एआयसाठी.” त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे यंत्राचं माहितीपत्रक यंत्रालाच?” तर हो, तेच. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी माझी पहिली फजिती सांगतो, कारण बाकीचं सगळं मी तिच्यातूनच शिकलो.

आमचं सॉफ्टवेअर केळी खरेदीची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, काढतं. एआय एजंटला, म्हणजे स्वतःच कोड वाचून बदलणाऱ्या एआयला, काम दिलं होतं की शेतकऱ्याच्या पट्टीतला एक मजकूर बदल. त्यानं ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द शोधला, उत्तर रिकामं आलं. माणूस अशा वेळी शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारतो, “अरे, हे कुठंय?” एजंट विचारत बसला नाही. असं काही कोडमध्ये नाहीच, असं धरून त्यानं पट्टीचं नवं फंक्शन लिहून टाकलं. चाचणीत दोन पट्ट्या निघाल्या, एकीत हमाली वजा, दुसरीत नाही.

शब्द तर फाइलीत होता. पण ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधणाऱ्या अवजाराला मात्र वेगळे. आमच्या जुन्या फाइली दुसऱ्या तऱ्हेच्या होत्या. त्या दिवशी मी एजंटसाठीच्या टिपणात ओळ घातली : ‘मराठी शब्द पूर्ण शोधू नये, जोडाक्षराच्या अलीकडेच थांबावं. शेतकऱ्यांची नव्हे, नुसतं शेतक.’

तोवर माझं टिपण म्हणजे पर्यायांची यादी होती. कोणतं चिन्ह काय करतं, एवढंच. ते एजंटला बहुतेक आधीच ठाऊक असतं. ग्रेप हे मजकूर शोधायचं अवजार १९७३ पासूनचं आहे, त्याच्यावर लिहिलेलं काय कमी आहे? रिपग्रेप हे तसंच अवजार २०१६ चं, तेही आता जुनं झालं. लिहायचं ते हे, की आपल्या कोडमध्ये हे अवजार कुठं गप्प बसतं. रिपग्रेप गिटइग्नोरमध्ये (कोडच्या नोंदीत घ्यायच्या नाहीत अशा फाइलींच्या यादीत) नोंदवलेल्या फाइली आपणहून वगळतो, लपवलेल्या आणि बायनरी (साधा मजकूर नसलेल्या) फाइलीही. आमचं आपोआप तयार होणारं कोड नेमकं गिटइग्नोरमध्ये. म्हणजे तिथंही उत्तर रिकामं, आणि तेही एकदम आत्मविश्वासानं!

आणखी एक खोड. काही सापडलं तर हे अवजार शेवटी ० हा आकडा देतं, नाही सापडलं तर १, खरंच बिघडलं तर २. अवजार एजंटला जोडणाऱ्या आमच्या कोडमध्ये, म्हणजे जोडणीत, १ म्हणजेही ‘चूक’ असं दाखवलं जायचं, म्हणून एजंट तोच शोध पुन्हा पुन्हा चालवत बसायचा. टिपणात लिहून भागलं नाही, जोडणीच दुरुस्त करावी लागली. टिपण लिहिताना अवजारातली चूक सापडणं हे नेहमीचंच आहे. तेव्हा ती शब्दांनी झाकू नका, सांगून टाका.

उत्तर फार मोठं येणं हाही तितकाच ताप. ‘रक्कम’ शोधलं की ओळींचा ढीग पडतो आणि एजंटला एका वेळी जेवढं वाचता येतं ती जागा त्यातच संपते. म्हणून आधी फक्त फाइलींची नावं मागा, मग त्यातल्या एकीत शिरा, असा क्रम मी लिहितो. इथं मी स्वतः एक चूक केली होती : जास्तीत जास्त ओळींची मर्यादा सगळ्या शोधाला लागते असं लिहिलं, ती लागते दर फाइलीला. चालवून न बघता लिहिलेलं एकही वाक्य ठेवू नका.

एमसीपी, म्हणजे एआयला बाहेरची अवजारं जोडायची एक ठरलेली पद्धत, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, तेव्हापासून अवजाराचं नाव, वर्णन आणि त्याला द्यायची माहिती एका ठरावीक साच्यात एजंटपुढे ठेवता येते. वर्णन मी चार-पाच ओळींचंच ठेवतो : कधी वापरावं, कधी वापरू नये, रिकामं उत्तर आल्यावर आधी काय तपासावं. तिसरी गोष्ट नवखे हमखास विसरतात.

टिपण चांगलं झालं का, हे वाचून कळत नाही. उत्तरं आपल्याला ठाऊक असलेले दहा प्रश्न काढा, त्यातल्या दोनांचं खरं उत्तर ‘नाही’ असू द्या. टिपण बदललं की तेच दहा पुन्हा विचारा.

इंग्रजीला घाबरून मागं राहू नका. मी आधी मराठीत लिहितो, मग इंग्रजीत आणतो. मराठीत अडखळलं तर समजतो की मलाच ते कळलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये हे पहाटेच उरका. जळगावच्या उन्हात दुपारी लॅपटॉपही कुरकुरतो.

फाइलींमधले ‘ऱ्या’ नंतर आम्ही एकाच तऱ्हेचे करून घेतले. टिपणातली ‘शेतक’ची ओळ मात्र मी काढलेली नाही, जुन्या डेटाबेसमध्ये दोन्ही अजून शेजारी शेजारी नांदताहेत.