गावातल्या घरासाठी नेटवर्क स्ट्रीमर निवडताना

विदर्भातल्या अनेक जुन्या घरांच्या बैठकीत एखादा ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर अजूनही जागा धरून आहेत. घरची माणसे त्या सगळ्या संचाला ‘डेक’च म्हणतात, मग त्यातला कॅसेटचा भाग बंद पडून कितीही वर्षे झालेली असोत. गाणी आता फोनवर आली, पण फोनचा आवाज बैठकीला पुरत नाही आणि चांगले स्पीकर नुसते धूळ खात बसतात. नेटवर्क स्ट्रीमर हा या दोहोंना जोडणारा दुवा आहे. हे छोटेसे यंत्र घरातल्या वाय-फायवरून किंवा केबलवरून गाणे स्वतः आणते आणि ॲम्प्लिफायरला देते. फोन फक्त रिमोटचे काम करतो. ब्लूटूथमध्ये गाणे फोनमधून जाते, त्यामुळे फोन आला की भजन थांबते आणि फोन घेऊन कोणी अंगणात गेले की आवाज तुटतो. स्ट्रीमरमध्ये ही कटकट बहुतांशी राहत नाही.

शहरातला ग्राहक हे यंत्र निवडताना त्यावर गाण्यांच्या कोणकोणत्या ऑनलाइन सेवा चालतात ते आधी पाहतो. गावातल्या ग्राहकाने मात्र इंटरनेट बंद असताना हे यंत्र काय करते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा पहिला स्ट्रीमर मी हा प्रश्न न विचारताच घेतला होता. पावसाळ्यात टॉवर बंद पडून चार दिवस नेटवर्क नव्हते आणि तेव्हा लक्षात आले, की त्याचे ॲप कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय उघडतच नव्हते. शेजारच्या संगणकात शेकडो गाणी होती, राउटर चालू होता, तरी यंत्र मुकेच राहिले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घरातले वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची जोडणी तुटली तरी राउटरला वीज असेपर्यंत घरातले नेटवर्क चालू राहते आणि घरातल्याच एखाद्या डिस्कवरची गाणी स्ट्रीमरपर्यंत पोहोचू शकतात. यासाठी यंत्रात दोनपैकी एक सोय हवी. पहिली म्हणजे पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क थेट लावता येईल असे यूएसबी छिद्र. दुसरी म्हणजे डीएलएनए, अर्थात घरातल्या संगणकावरची किंवा राउटरला लावलेल्या डिस्कवरची गाणी नेटवर्कवरून वाजवण्याची पद्धत. मात्र मागच्या बाजूला यूएसबी दिसले म्हणून लगेच खूश होऊ नये. काही यंत्रांत ते केवळ वीज देण्यासाठी असते, तर काहींत फक्त दुरुस्तीसाठी. वीम कंपनीच्या मिनी आणि प्रो या यंत्रांना डिस्क थेट लावता येत नाही, पण ती डीएलएनएवरून गाणी घेतात. त्याच कंपनीच्या अल्ट्राला आणि ब्लूसाउंडच्या नोडला डिस्क थेट लावता येते. डिस्क कोणत्या फॉरमॅटची चालते तेही माहितीपत्रकात पाहून ठेवावे, कारण संगणकावर सहज उघडणारी डिस्क काही स्ट्रीमर ओळखतच नाहीत.

घरातला संग्रह मराठी असेल तर आणखी एक अडचण हमखास येते आणि तिच्याबद्दल दुकानदार कधीच बोलत नाही. तुकडोजी महाराजांची भजने, गाडगेबाबांची कीर्तने, भीमगीते, झाडीपट्टीतल्या नाटकांची ध्वनिमुद्रणे असा माल बहुधा कॅसेटवरून उतरवलेला किंवा कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर आलेला असतो. अशा फायलींत गायकाचे नाव कोणी तरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाकलेले असते, त्यामुळे स्ट्रीमरच्या ॲपमध्ये ते अगम्य इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होऊन दिसते. किंवा नाव मुळीच नसते आणि निम्मा संग्रह ‘अज्ञात कलाकार’ या एकाच डब्यात जाऊन पडतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर असा स्ट्रीमर निवडावा, की ज्याच्या ॲपमध्ये गाणी फोल्डरनुसारही पाहता येतात, कारण फोल्डर आपण घरच्या रीतीने लावलेले असतात. दुसरा उपाय कष्टाचा, पण कायमचा आहे: संगणकावर एमपी३टॅगसारख्या मोफत प्रोग्रॅममधून नावे देवनागरीत नव्याने भरावीत. दररोज एक फोल्डर असे धरले तर एका उन्हाळ्यात बराच संग्रह सरळ होतो. घेण्याआधी देवनागरी नावाच्या चार फायली पेनड्राइव्हवर घेऊन जाव्यात आणि यंत्र त्या नीट दाखवते का, ते दुकानातच पाहावे.

कीर्तनाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते आणि उतरवताना तिची एकच सलग फाइल होते. मध्येच लाइन गेली आणि परत आली, तर ती फाइल जिथे थांबली तिथून पुढे वाजणे सोयीचे. निदान पट्टी बोटाने सरकवून पुढे जाता आले पाहिजे. डीएलएनएवरून वाजवताना काही यंत्रांत ही पट्टी सरकतच नाही. शास्त्रीय गायनाच्या सीडींत विलंबित आणि द्रुत यांच्या मध्ये फाइल तोडलेली असते; तेथे क्षणभराचा खंडही कानाला खटकतो, म्हणून दोन फायली सलग वाजवण्याची सोय यंत्रात आहे का, ते विचारावे.

आता जोडणीकडे वळू. जुना ॲम्प्लिफायर असेल, तर स्ट्रीमरची लाल-पांढरी पिन ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ या खाचेत लावावी. ‘फोनो’ लिहिलेली खाच ग्रामोफोनच्या पिनेतून येणाऱ्या अतिशय क्षीण संकेतासाठी असते. तिच्यात स्ट्रीमर लावला तर आवाज फाटका आणि विद्रूप येतो. स्ट्रीमरमधून साधारणपणे दोन व्होल्टचा संकेत बाहेर पडतो, तर जुन्या ॲम्प्लिफायरला त्याच्या पुष्कळ कमी संकेत पुरत असे. परिणामी बटण जरासे फिरवले की घर दणाणते आणि हळू आवाजात नीट ताबा राहत नाही. ज्या यंत्राच्या ॲपमध्ये ही पातळी खाली आणता येते ते अशा घरांसाठी अधिक सोयीचे ठरते.

डिजिटल संकेताचे आवाजात रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात आणि जाहिरातींतली निम्मी शाई त्याच्यावरच खर्च होते. आजच्या साध्या स्ट्रीमरमधला डॅकही चांगला असतो. त्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याऐवजी तेच पैसे स्पीकरवर घालावेत. घरात ॲम्प्लिफायर मुळीच नसेल तर स्ट्रीमर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेले यंत्र घ्यावे. वायरी कमी होतात आणि उंदरांना कुरतडायलाही कमी मिळते. गावात अर्थिंग अनेकदा धड नसते, त्यामुळे दोन यंत्रे तारेने जोडली की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. ॲम्प्लिफायर नव्या पद्धतीचा असून त्याला ऑप्टिकल खाच असेल तर ती वापरावी, कारण त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही, आणि त्या दोन यंत्रांमधला घुंकार तिथेच तुटतो.

इंटरनेटवरून ऐकण्यासाठी वेग फार लागत नाही. ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) दर्जाचे गाणे तासाला सुमारे १४४ एमबी डेटा घेते, म्हणजे रोज चार तास ऐकले तरी ६०० एमबीच्या आत भागते. सीडीच्या दर्जाचा संकेत १४११ केबीपीएसचा असतो. फ्लॅक या, दर्जा न घटवणाऱ्या पद्धतीने दाबल्यावर तो साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत बसतो, तरी तासाला तीन-चारशे एमबी जातात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर घरातली मुले अभ्यासही करत असतील, तर ॲपमधला दर्जा विचारपूर्वक ठरवावा. खोक्यावर टायडल आणि कोबझ यांची चिन्हे असली तरी या सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, म्हणून त्या चिन्हांसाठी पैसे देण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय भारतात २०१९ पासून आहे आणि त्याची ‘कनेक्ट’ सोय, म्हणजे फोनवर निवडलेले गाणे यंत्राने स्वतः आणून वाजवणे, बहुतेक स्ट्रीमरमध्ये असते. आपण ज्या भारतीय सेवेचे वर्गणीदार आहोत ती यंत्रात थेट चालते, की फोनवरून कास्ट करावी, म्हणजे वाय-फायने यंत्राकडे धाडावी लागते, की केवळ ब्लूटूथनेच ऐकता येते, याची खातरजमा स्वतः करावी. आकाशवाणीचे प्रसारण इंटरनेटवरूनही होते. विविध भारती ज्या घरात सकाळपासून लागते, त्यांनी इंटरनेट रेडिओचा पत्ता हाताने भरता येतो का, ते आवर्जून पाहावे.

केवळ फोनच्या हॉटस्पॉटवर स्ट्रीमर चालवण्याचा विचार मात्र करू नये. फोनवाला वावरात गेला की घरातले संगीतही त्याच्यासोबत जाते. सिमकार्डचा वेगळा राउटर किंवा गावात आलेली फायबरची जोडणी हवी. मातीच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय लवकर दमते, २.४ गिगाहर्ट्झचे तुलनेने लांब पोहोचते. राउटर सिग्नलच्या शोधात माळ्यावर, कवेलूंच्या जवळ टांगलेला असेल आणि डेक खाली बैठकीत, तर सरळ लॅन केबल ओढावी; ती शंभर मीटरपर्यंत विनातक्रार चालते. याच कारणाने लॅनची खाच नसलेले यंत्र मी सहसा सुचवत नाही. केबल उघड्या अंगणातून नेऊ नये, आणि विजा कडाडू लागल्या की तिच्यासकट सगळे प्लग काढून ठेवावेत.

विजेचा विचार स्ट्रीमर निवडतानाच करावा. अनेक छोटी यंत्रे ५ व्होल्टवर, म्हणजे फोनच्या चार्जरसारख्या वीजपुरवठ्यावर चालतात. भारनियमनात ती पॉवर बँकेवरही तगतात. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा बॅटरी संच मिळतो. ॲम्प्लिफायर मात्र इन्व्हर्टरवर घ्यावा लागतो आणि तो इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. ज्यांना हौस आहे ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतः स्ट्रीमर बांधतात. खर्च कमी आणि मुभा भरपूर. पण अचानक वीज गेली की त्यातले मेमरी कार्ड बिघडण्याची भीती असते. पायकोअरप्लेअर ही त्यावर चालणारी प्रणाली चालू झाल्यावर सगळी रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि कार्डावर सहसा काही लिहीत नाही, त्यामुळे वरचेवर लाइन जाणाऱ्या गावासाठी ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. उन्हाळ्याचेही भान हवे. अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच वापर सांगितलेला असतो आणि नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. स्ट्रीमर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर किंवा काचेच्या बंद कपाटात कधीही ठेवू नये.

यंत्र किती वर्षे चालेल हे त्याच्या लोखंडापेक्षा कंपनीच्या इच्छेवर अधिक ठरते. गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ या आपल्या छोट्या स्ट्रीमरचे उत्पादन २०१९ मध्ये थांबवले. मार्च २०२५ मध्ये आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातली ही धडधाकट यंत्रे दुरुस्ती येईपर्यंत काही दिवस अडून बसली. याउलट लॉजिटेकची स्क्वीझबॉक्स ही स्ट्रीमर यंत्रे २०१२ मध्ये बाजारातून गेली, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद झाली, तरी घरच्या संगणकावर चालणारा त्यांचा मुक्त सर्व्हर, ज्याचे आजचे नाव लिरियन आहे, स्वयंसेवकांनी जिवंत ठेवला असल्यामुळे ती अजून वाजतात. डीएलएनए किंवा लिरियन चालवू शकणारे यंत्र घेतले तर उद्या कंपनीने पाठ फिरवली तरी घरातली गाणी घरात वाजत राहतात. तालुक्याला दुरुस्ती होत नाही हे गृहीत धरून भारतातली वॉरंटी आणि पक्के बिल यांचा आग्रह धरावा.

यंत्र घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी कराव्यात. आधी राउटरची बाहेरची जोडणी काढून घरातली गाणी वाजतात का ते पाहावे. मग मुख्य बटण बंद करून पाच मिनिटांनी चालू करावे आणि कोणीही हात न लावता यंत्र नेटवर्कला परत जोडले जाते का ते बघावे; राउटर उठायला दोन-तीन मिनिटे घेतो आणि तोवर वाट पाहण्याचा धीर काही यंत्रांना नसतो. शेवटी ॲप घरातल्या सर्वांत साध्या फोनवर टाकून तो आईच्या हाती द्यावा आणि आपण ओसरीत जाऊन बसावे. पंधरा मिनिटांत तिचे भजन लागले नाही, तर यंत्र खोक्यात परत भरावे.