पहिली भाषा कोणती: सी, पायथन, जावा की जावास्क्रिप्ट?

कुणी "प्रोग्रॅमिंगची पहिली लँग्वेज कोणती शिकू?" असं विचारलं की आधी त्यालाच दोन गोष्टी विचाराव्यात. येत्या सेमिस्टरला पेपर कशाचा आहे? आणि रोज हाताशी कोणतं मशीन असणार आहे? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पेपर सीचा असेल तर सीच शिका, आणि सेमिस्टर संपेपर्यंत शेजारी पायथन उघडू नका. सीमध्ये प्रत्येक व्हेरिएबलचा (किंमत साठवणाऱ्या नावाचा) प्रकार आधी सांगावा लागतो, विधान सेमीकोलनने संपतं, लूपच्या (पुन्हा पुन्हा चालवायच्या) ओळी महिरपी कंसात जातात. पायथनमध्ये कोलन आणि ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा यांवर सगळं चालतं. दोन्ही सवयी कच्च्या असल्या की एकमेकींत मिसळतात आणि कागदावर कोड लिहिताना हकनाक मार्क जातात.

सी शिकणाऱ्याने कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) मात्र बघून घ्यावा. काही लॅबमध्ये अजून टर्बो सी असतं. ते विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातलं, त्यात इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) दोन बाइटांचा, म्हणजे 32,767 पर्यंतच. फॅक्टोरिअलचा (1 पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा) नेहमीचा प्रोग्रॅम त्यावर 7 ला बरोबर 5,040 देतो, पण 8 ला 40,320 ऐवजी उणे 25,216 दाखवतो. विद्यार्थी बिचारा लूप तपासत बसतो, आणि लूपमध्ये चूक नसतेच. घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम 12 पर्यंत नीट चालतो आणि 13 ला बिघडतो, कारण तिथे इंट चार बाइटांचा असतो. पायथनला 50 दिले तरी शेवटच्या अंकापर्यंत पूर्ण उत्तर येतं, कारण तिथला पूर्णांक लागेल तेवढा वाढत जातो. दोन्ही भाषांचा स्वभाव या एका प्रोग्रॅममध्ये दिसतो. सी पहिल्याच महिन्यात मेमरीचा विचार करायला लावते. पायथन ती काळजी पुढे ढकलते आणि आधी तर्क पक्का करू देते.

म्हणूनच पेपराचं बंधन नसेल, तर आमचं मत पायथनच्या बाजूने आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. पायथनचे राखीव शब्द (भाषेने स्वतःसाठी ठेवलेले) अवघे 35 आहेत. इंग्रजी खरी लागते ती एरर वाचायला, आणि तिथे एक सवय फार उपयोगी पडते. पायथनची एरर खालून वाचायची, कारण चूक कोणत्या प्रकारची ते शेवटच्या ओळीत असतं आणि ओळीचा नंबर त्याच्या वर. सीची एरर वरून वाचायची, कारण एक सेमीकोलन राहिला तरी खाली आठदहा तक्रारी उगवतात. पहिली दुरुस्त केली की बाकीच्या बहुतेक आपोआप जातात. शिवाय सीमध्ये दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघावी.

पायथन बसवताना विंडोजवर बहुतेकांचं अडतं ते एकाच ठिकाणी. इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत तळाशी पाथची (पायथन कुठे आहे हे विंडोजला सांगणारी) चौकट असते, तिच्यावर टिक करायची राहते. मग कमांड खिडकीत पायथन टाइप केलं की कमांड ओळखता येत नाही असा संदेश येतो, नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडलं आणि पुढच्या खिडक्यांत पायथन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये घालायची टिक केली की काम होतं.

पुढचा अडथळा इनपुटचा. वापरणाऱ्याने टाइप केलेलं सगळं पायथनला मजकूर म्हणून मिळतं. कांद्याचे 40 आणि बटाट्याचे 25 विचारून घेतले आणि बेरीज केली की 65 ऐवजी 4025 येतं. घेतलेली किंमत आधी इंटमध्ये बदलून मगच गणित करायचं. फाइलला रँडम, मॅथ अशी पायथनच्या मॉड्यूलची (सोबत येणाऱ्या तयार कोडची) नावंही देऊ नका. रँडम नावाच्या फाइलमध्ये रँडम मॉड्यूल मागवलं तर पायथन तुमचीच फाइल उचलतं. नोट्सच्या पीडीएफमधून कोड कॉपी केला तर वळणदार अवतरणचिन्हं सोबत येतात आणि ती चालत नाहीत. कोड हाताने टाइप केलेलाच बरा. आणि एखाद्या व्हिडिओत प्रिंटच्या पुढे कंस दिसला नाही, तर तो पायथन 2 चा आहे. त्या आवृत्तीचा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला, तेव्हा तो व्हिडिओ सोडून द्या.

लॅपटॉप नसेल तरी सुरुवात थांबत नाही. अँड्रॉइडवर पायड्रॉइड 3 चालतं, किंवा ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडता येतं. फोनवर लूप आणि फंक्शनपर्यंत आरामात जाता येतं. त्यापुढे मोठ्या फाइली हाताळताना छोटा स्क्रीन नडतो.

वेबसाइटच करायच्या असतील तर जावास्क्रिप्ट घ्या, पण आधी दोनतीन आठवडे एचटीएमएलला, म्हणजे वेबपानाची मांडणी लिहायच्या भाषेला द्या. क्रोममध्ये एफ 12 दाबून कन्सोल (कोड टाइप करून लगेच चालवायची जागा) उघडला की सुरुवात झाली, काही बसवावं लागत नाही. नवख्यासाठी तिची अडचण अशी की ती चुका पोटात घालते. मजकूर असलेला "5" आणि आकडा 2 यांची बेरीज 52 देते, वजाबाकी मात्र 3. दोन्ही वेळा एरर नाही. पायथन अशा वेळी तिथेच थांबून टाइपची एरर देतं, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

जावा पहिली भाषा म्हणून आम्ही सहसा सुचवत नाही. जावा 25 च्या आधीच्या आवृत्त्यांत एक ओळ छापायलाही क्लास आणि मेन मेथड लिहावी लागते, आणि पब्लिक क्लासचं नाव फाइलच्या नावाशी अक्षरशः जुळलं नाही तर कंपाइल होत नाही. अभ्यासक्रमात असेल तर अर्थातच शिका. अँड्रॉइड अ‍ॅपसाठी म्हणून जावा घेणाऱ्यांनी मात्र गूगलने 2019 पासून कॉटलिन या दुसऱ्या भाषेला प्राधान्य दिलंय हे लक्षात घ्यावं. शिवाय 8 जीबीपेक्षा कमी रॅमवर त्यासाठीचं अँड्रॉइड स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फार रखडतं.

भाषा बदलायचा मोह बहुतेकांना लूपमध्ये लूप आला की होतो. ती अडचण प्रत्येक भाषेत तशीच असते, म्हणून तिथे बदलू नका. वहीत तक्ता आखा, प्रत्येक फेरीला आय आणि जे (दोन लूपच्या फेऱ्या मोजणारे व्हेरिएबल) यांची किंमत हाताने लिहा, मग प्रोग्रॅम चालवून ताडून बघा. पुढे दहा विद्यार्थ्यांचे मार्क फाइलमधून वाचून प्रत्येकाची सरासरी दुसऱ्या फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम कुठेही न बघता जमला, की दुसरी भाषा उघडायला हरकत नाही. तिच्यातही पहिल्यांदा हाच प्रोग्रॅम लिहा.