जुनं अमेरिकन कार्टून वाचायचं कसं? आधी तारीख, मग चेहरा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बाहेरून आलेल्यांवर लोकांचा राग का होता हे समजून घ्यायचं असेल तर कायद्यांची कलमं नंतर वाचा, आधी तिथल्या साप्ताहिकांतली कार्टून्स उघडा. फक्त "बापरे किती घाण काढलंय" म्हणून पुढे सरकू नका. मीही आधी तेच करायचो, मग बघायचा एक क्रम बसला, तो सांगतो.

पहिली तारीख. चित्राच्याही आधी. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वास्प' साप्ताहिकात जॉर्ज फ्रेडरिक केलरचं एक कार्टून आलं होतं, 'आमच्या बंदरासाठी पुतळा'. चबुतऱ्यावर स्वातंत्र्यदेवतेच्या थाटात उभा फाटक्या झग्यातला चिनी माणूस, हातात अफूची नळी, पायाखाली कवटी, मागून निघालेल्या किरणांवर घाण, रोगराई, अनीती, गोऱ्या कामगारांचा सत्यानाश असले शब्द, आणि वर आकाशातला चंद्र, त्यालाही तिरके डोळे! चंद्रालासुद्धा सोडलं नाही. आता तारीख बघा, ११ नोव्हेंबर १८८१. न्यूयॉर्कच्या खऱ्या पुतळ्याचं उद्घाटन झालं २८ ऑक्टोबर १८८६ ला, म्हणजे पुतळा उभा राहायच्या पाच वर्षं आधीच त्याचं विडंबन छापून मोकळे. आणि कार्टूनला सहा महिने व्हायच्या आत, ६ मे १८८२ ला, चिनी मजुरांना दहा वर्षं बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली (ती बंदी पुढे वाढत वाढत १९४३ पर्यंत चालली). एवढं कळलं की हेच चित्र निवडणुकीच्या पोस्टरसारखं दिसायला लागतं.

मग गाव बघा, म्हणजे साप्ताहिक कुठून निघायचं ते. कॅलिफोर्नियात रेल्वेचं काम १८६९ ला संपलं आणि हजारो चिनी मजूर दुसरी कामं शोधायला लागले, त्यात १८७३ ची मंदी आली आणि बेकार गोऱ्यांना राग काढायला समोर माणूस मिळाला. न्यूयॉर्कला भीती वेगळी, तिथे आयरिश कॅथलिकांची मतं आणि त्या मतांवर चालणारं टॅमनी हॉलचं (म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचं) राजकारण, त्यामुळे तिथल्या कार्टूनमध्ये माकडासारख्या जबड्याचा आयरिश माणूस सारखा भेटतो.

चित्रकार कोण हेही बघा, इथे खरी गंमत आहे. न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स वीकली' साप्ताहिकाचा थॉमस नास्ट स्वतः जर्मनीत जन्मलेला, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला. त्याचं १८७१ चं एक चित्र आपण तर बघायलाच हवं, नाव आहे 'अमेरिकेतली गंगा नदी'. आपली गंगा तिथे कशी पोचली? तर हिंदू आया पोरं गंगेतल्या मगरींपुढे टाकतात अशा गोष्टी मिशनरी मंडळी अमेरिकेत रंगवून सांगायची, त्यामुळे वाचकाला इशारा लगेच कळायचा. चित्रात किनाऱ्यावर शाळेची मुलं, आणि पाण्यातून सरपटत येणाऱ्या मगरी. झूम करा, मगरींचे उघडे जबडे म्हणजे कॅथलिक बिशपांचे टोकदार मुकुट आहेत! म्हणजे कॅथलिक चर्च सरकारी शाळा गिळायला आलंय, ही भीती. मला हे दुसऱ्यांदा बघताना दिसलं, पहिल्यांदा मी नुसत्या मगरीच बघत होतो.

पण यावरून नास्टवर शिक्का मारायची घाई नको. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यानेच 'चिनी प्रश्न' नावाचं चित्र काढलं, त्यात अमेरिकेचं प्रतीक असलेली कोलंबिया खाली बसलेल्या चिनी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून जमावाला अडवते. मागच्या भिंतीवर चिन्यांना शिव्या देणारी पोस्टर्स, त्याच्याही मागे झाडाला लटकलेला फास आणि जळणारा कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम, म्हणजे १८६३ च्या न्यूयॉर्क दंगलीची आठवण (सक्तीच्या सैन्यभरतीवर चिडलेला जमाव तेव्हा कृष्णवर्णीयांवर तुटून पडला होता). आणि जमावात पुढे कोण? परत तोच माकडतोंड्या आयरिश. एकाला वाचवताना दुसऱ्याला झोडायचं, एकाच कागदावर! म्हणून मधली आकृती हाताने झाकून एकदा फक्त कडा आणि कोपरे बघायचे, अर्धा माल तिथे असतो.

सराव करायचा तर ११ जानेवारी १८९३ च्या 'पक' या विनोदी साप्ताहिकातलं जोसेफ केपलरचं 'मागे वळून पाहताना' घ्या (हा केपलर मूळचा व्हिएन्नाचा). न्यूयॉर्क बंदरातलं एलिस बेट, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची ते केंद्र, सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. गाठोडं घेऊन एक गरीब माणूस बोटीवरून उतरतोय आणि धक्क्यावर उभे सुटाबुटातले गबर शेटजी हात वर करून त्याला "थांब" म्हणतायत. शेटजींचे चेहरे सोडा, त्यांच्या मागे पडलेल्या सावल्या बघा. सावल्या सुटाबुटातल्या नाहीत, त्या फाटक्या कपड्यातल्या शेतकऱ्यांच्या, फेरीवाल्यांच्या आहेत, म्हणजे हे लोक किंवा त्यांचे बाप ज्या अवतारात उतरले होते त्याच्या. खालची ओळही तेच म्हणते, ज्या पुलावरून आपण आणि आपले बाप आलो तोच पूल यांना नव्या माणसासाठी बंद करायचाय. ही ओळ कापलेली कॉपी मिळाली तर सोडून द्या आणि पूर्ण पान शोधा, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर 'पक'ची पुष्कळ चित्रं मोठ्या साइजमध्ये आहेत. मोबाइलवर मात्र बघू नका, त्या सावल्या नुसते शाईचे डाग वाटतात.