सतरा-अठरा वर्षांचा आइस हॉकी फॉरवर्ड कसा पारखावा

२०१४ च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची आइस हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तिथे, ब्रेडन पॉइंट या फॉरवर्डचं (आघाडीच्या खेळाडूचं) नाव पुकारलं गेलं, तोवर ७८ पोरांची नावं येऊन गेली होती. त्या हंगामात त्याने कॅनडाच्या ज्युनियर (साधारण विशीपर्यंतच्या) लीगपैकी एक असलेल्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये मूस जॉ वॉरियर्सकडून ७२ सामन्यांत ३६ गोल आणि ५५ असिस्ट (गोलाआधीचे पास), मिळून ९१ गुण केले होते. आकडे सगळ्यांसमोर होते. तरी उंची कमी, स्केटिंग बेताचं, असं म्हणत पहिल्या दोन फेऱ्यांत कुणीच त्याला घेतलं नाही. तिसऱ्या फेरीत टँपा बेने उचललं. याच पॉइंटने २०२२-२३ मध्ये एनएचएलमध्ये ५१ गोल ठोकले. उलट २०१२ मध्ये पहिल्याच क्रमांकावर गेलेला नेल याकुपोव काही वर्षांतच लीगबाहेर पडला.

पगारी स्काउटांची ही तऱ्हा, तर आपण घरी बसून काय ओळखणार? बऱ्यापैकी ओळखता येतं, फक्त बघण्याचा क्रम नीट हवा. बहुतेक जण आधी गोलांचा रकाना बघतात आणि तिथेच फसतात. मी तो मुद्दाम मागे ठेवतो. साहित्य फार लागत नाही: हंगामाचे आकडे, चार-पाच सामन्यांचं चित्रण (निवडक गोलांची चित्रफीत नव्हे, पूर्ण सामने) आणि एक वही.

पायरी १: आधी जन्मतारीख बघा

ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे २०२६ च्या ड्राफ्टला सप्टेंबर २००७ च्या उत्तरार्धात जन्मलेला आणि सप्टेंबर २००८ च्या सुरुवातीला जन्मलेला, दोघेही एकाच रांगेत. दोघांचे ८० गुण असतील तर धाकट्याच्या ८० ला जास्त वजन द्या. या वयात अकरा-बारा महिने म्हणजे खांदे भरण्याचा, पायांत ताकद येण्याचा काळ. बऱ्याचदा थोरल्याचा ज्युनियरमध्ये एक हंगाम जास्तही झालेला असतो.

ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी हुकला, नाहीतर २०१५ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडच्याच ड्राफ्टमध्ये असता. ते वर्ष त्याने स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संघात मोठ्या माणसांशी खेळून काढलं, ३६ सामन्यांत २४ गोल केले, आणि एनएचएलच्या पहिल्याच सामन्यात चार. पहिल्या हंगामात ४० झाले, पण तेव्हा तो १९ चा होता हे तुलना करताना विसरू नये.

लहान गटांत तारखेचा खेळ वेगळा चालतो. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये दाखवून दिलं की मोठ्या ज्युनियर लीगमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असते आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेले मोजकेच असतात. टोरंटो-मिसिसागाकडे किंवा कॅल्गरीत आपल्या मराठी घरातला एखादा पोरगा नोव्हेंबरचा असेल आणि दहाव्या वर्षी दुसऱ्या संघात टाकला गेला असेल, तर आई-बाबांनी लगेच हातपाय गाळायचं कारण नाही. तसंही १३ वर्षांखालच्या गटापर्यंत तिथे बॉडीचेकिंगला (अंगाने धडक देऊन अडवायला) बंदी आहे. खरी धडक सुरू झाल्यावर कोण टिकतो, हे त्याआधीच्या गोलांवरून कळत नाही. हा लेख त्या वयासाठी नाहीच.

पायरी २: लीग तोलून घ्या

रणजीतल्या हजार धावा आणि कसोटीतल्या हजार धावा आपण एका तराजूत घालत नाही, तेच इथे. ढोबळ हिशोबासाठी प्रत्येक लीगला एक गुणक देतात: कॅनडाच्या ज्युनियर लीगसाठी ०.३ च्या आसपास, अमेरिकी कॉलेज आणि एएचएलसाठी (एनएचएलच्या खालची व्यावसायिक लीग) ०.४ च्या पुढेमागे, स्वीडन-रशियाच्या वरिष्ठ लीगसाठी याहून बराच जास्त. सामन्यामागचे गुण गुणिले गुणक गुणिले ८२, की एनएचएलच्या एका हंगामाचा अंदाज निघतो.

करून बघू. कॉनर बेडार्डने २०२२-२३ मध्ये रेजायना पॅट्सकडून ५७ सामन्यांत ७१ गोल, ७२ असिस्ट, एकूण १४३ गुण केले. सामन्यामागे अडीच. त्याला ०.३ ने आणि मग ८२ ने गुणलं की ६२ च्या आसपास येतात. प्रत्यक्षात शिकागोकडून पहिल्या वर्षी त्याने ६१ केले, पण जबडा मोडल्यामुळे ६८ च सामन्यांत. म्हणजे अगदी वरच्या दर्जाच्या पोराला हे गणित थोडं कमी लेखतं. एकाच मुलावरून गुणक सिद्ध होत नाही, पण हिशोब कसा लावायचा ते कळतं.

उलटी बाजू लुकास रेमंडची. २०१९-२० मध्ये तो स्वीडनच्या वरिष्ठ लीगमध्ये फ्रोलुंडाकडून ३३ सामन्यांत १० गुणांवर होता. नुसता आकडा बघितला तर कुणीही नाक मुरडेल. पण तो सतरा वर्षांचा होता, बर्फावर वेळ कमी मिळत होता, आणि समोर दाढीमिशीवाले पुरुष. डेट्रॉइटने चौथ्या क्रमांकावर घेतला; एनएचएलच्या पहिल्या हंगामात त्याने ५७ गुण केले. सतरा वर्षांच्या पोराला प्रौढांच्या लीगमध्ये प्रशिक्षक नियमित खेळवतो, हीच मोठी खूण.

एक सावधगिरी. २०२५-२६ पासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंना अमेरिकी कॉलेज हॉकीचं दार उघडलंय. चांगली पोरं तिकडे जाऊ लागल्यावर दोन्हीकडचा दर्जा हलणार, त्यामुळे जुने गुणक डोळे झाकून वापरू नका.

पायरी ३: गुण सोलून बघा

एकूण गुणांतून आधी पॉवर प्लेचे वेगळे काढा. समोर एक खेळाडू कमी असताना मिळालेले गुण खोटे नसतात. पण एनएचएलमध्ये नवख्याला पहिल्या पॉवर प्लेत जागा मिळेलच असं नाही. मग रिकाम्या जाळ्यात (समोरच्यांनी गोलरक्षक काढून घेतल्यावर) मारलेले गोल वजा करा. असिस्टमध्ये पहिला पास (गोलाच्या लगेच आधीचा) कुणाचा, दुसरा (त्याच्याही आधीचा) कुणाचा ते बघा. दुसऱ्या असिस्टमध्ये योगायोगाचा वाटा बराच असतो. शेवटी त्याच्या लाइनमधल्या (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तीन फॉरवर्डच्या त्रिकुटातल्या) दुसऱ्या दोघांचं वय बघा. वीस वर्षांच्या दोन तगड्या खेळाडूंच्या मधे बसवलेल्या सतरा वर्षांच्या पोराचे ९० गुण आणि कमकुवत संघ एकट्याने ओढणाऱ्याचे ७०, यात मी दुसरा निवडेन.

पायरी ४: गोलांआधी शॉट मोजा

आता तो गोलांचा रकाना. पण त्याच्या शेजारी शॉट ठेवूनच.

एनएचएलमध्ये साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो, चांगल्या फॉरवर्डचं प्रमाण त्याहून थोडं वर असतं. याकुपोवने कामबंदीमुळे लहान झालेल्या २०१२-१३ च्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल केले आणि एडमंटन खूश झालं. पण ते दर पाच शॉटला एक गोल या भावाने आले होते. तो भाव फार थोड्यांनाच टिकवता येतो. पुढच्या वर्षी ६३ सामन्यांत ११. पोरगा एका उन्हाळ्यात बिघडला नव्हता. पहिल्या वर्षीचे निम्मे गोल नशिबाचे होते आणि शॉट मुळातच कमी होते.

जॅक ह्यूजचं नेमकं उलट. २०१९ चा पहिला क्रमांक, आणि पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत फक्त ७ गोल. न्यू जर्सीत कुरकुर झाली. शॉट मात्र शंभरावर गेले होते, पक (खेळायची रबरी चकती) गोलरक्षकाला लागून परत येत होता इतकंच. २०२२-२३ मध्ये त्याने तीनशेहून जास्त शॉट मारले आणि ४३ गोल केले. दोनशेपेक्षा कमी शॉट असतील तर टक्केवारीवरून मत बनवू नये, असा माझा ठोकताळा आहे. दीडशे शॉटमध्ये १० टक्के आणि १४ टक्के यांतला फरक अवघ्या सहा गोलांचा. खांबाला लागून आत गेलेले दोन-तीन आणि कुणाच्या तरी पायाला लागून वळलेले दोन-तीन, की भरलाच.

पायरी ५: एकच खेळाडू, एकच शिफ्ट

इथे वेळ घाला. बाकी सगळं अर्ध्या तासात होतं, ही पायरी चार संध्याकाळी खाते.

शिफ्ट म्हणजे एका दमात बर्फावर खेळायची पाळी, जेमतेम ४५ सेकंद. तेवढ्यात पककडे बघायचं नाही, फक्त आपल्या पोराकडे. पहिल्यांदा हे अवघड जातं, डोळे आपोआप पककडे पळतात. समजा तो भिंतीला लागून उभा आहे आणि बचावपटूचा पास त्याच्याकडे निघालाय. पास पोहोचण्याआधी त्याने मान वळवून मागे बघितलं का? एकदा, दोनदा? ज्याने बघितलं त्याला पक स्टिकला लागताक्षणी पुढचा पास ठाऊक असतो. ज्याने नाही बघितलं तो पक थांबवतो, मग मान वर करतो, आणि तोवर अंगावर कुणीतरी आलेलं असतं. ज्युनियरमध्ये या उशिराची शिक्षा रोज मिळत नाही, म्हणून आकड्यांत ती दिसत नाही. वरच्या लीगमध्ये रोज मिळते.

मग शॉटची जागा. गोलसमोरच्या दोन वर्तुळांच्या मधला पट्टा, ज्याला स्लॉट म्हणतात, तिथून मारतो की बाहेरून? गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. कडेला सरकलं की त्यातलं दिसतं ते फारच थोडं. सतरा वर्षांच्या गोलरक्षकाला चाळीस फुटांवरून कोपऱ्यात हरवता येतं. एनएचएलच्या गोलरक्षकाने तो शॉट स्वच्छ बघितला तर क्वचितच आत जातो. म्हणून वहीत दोन रकाने पाडा, आत आणि बाहेर, आणि प्रत्येक शॉटची रेघ ओढा. शॉटच्या ऐन आधी पास गोलसमोरून आडवा गेला असेल तर रेघेभोवती वर्तुळ काढा. गोलरक्षकाला एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सरकावं लागतं, तेव्हा मारलेला शॉट कितीतरी घातक.

आता सुटका, म्हणजे पक स्टिकवरून निघण्याची रीत. चित्रण हळू करून बघा. साधा खेळाडू पक शरीरापासून लांब ठेवतो, मागे नेतो, मारतो. मॅथ्यूज किंवा बेडार्ड पक आधी स्वतःच्या पायाकडे ओढतात, फूटभर, आणि ओढता ओढताच सोडतात. बचावपटूची स्टिक जुन्या जागी अडवायला गेलेली असते, पक तिच्या आतून निघतो. गोलरक्षक पकच्या रेषेवर उभा असतो. रेषाच फूटभर सरकल्याने तो कोन हुकतो. शॉटचा वेग यात दुय्यम. अठराव्या वर्षी ज्याला ही ओढ येते, त्याला माझ्याकडून दोन गुण जादा.

शेवटचं बघा शॉट मारल्यावर. कोपऱ्याकडे वळून निघून जातो, की गोलच्या तोंडाशी ब्रेक लावून रिबाउंडची (गोलरक्षकाला लागून परत येणाऱ्या पकची) वाट बघतो? तिथे पाठीत काठ्या बसतात, हे खरंच.

पायरी ६: काय बदलेल, काय नाही

स्केटिंग सुधारतं. पॉइंटने ड्राफ्टनंतर टँपाच्या स्केटिंग प्रशिक्षक बार्ब अंडरहिल यांच्याकडे पायांवर मेहनत घेतली. अंडरहिल मूळच्या फिगर स्केटर, १९८४ च्या जोडी प्रकारातल्या विश्वविजेत्या. आज पॉइंटची सुरुवातीची पावलं लीगमधल्या चपळांत गणतात. ताकदही येते. उंची वाढत नाही, पण तिचं भय पूर्वीइतकं राहिलेलं नाही. मान वळवण्याची सवय आणि मोकळी जागा आधी दिसण्याची नजर मात्र उशिरा क्वचितच येते. म्हणून नजर चांगली आणि पाय कच्चे असलेला पोरगा मी उलट्यापेक्षा वर ठेवतो.

पायरी ७: संघ आणि प्रशिक्षक

कोल कॉफिल्ड, उंची जेमतेम पाच फूट सात-आठ इंच. २०२१-२२ मध्ये माँट्रियलकडून पहिल्या ३० सामन्यांत एक गोल. फेब्रुवारीत प्रशिक्षक बदलला, मार्टिन सेंट लुई आले (स्वतः बुटके आणि स्वतः गुणांचे राजे), आणि उरलेल्या ३७ सामन्यांत कॉफिल्डने २२ गोल केले. टेज टॉम्पसनला बफेलोत डॉन ग्रॅनाटो यांनी विंगवरून (कडेवरून) सेंटरला (मधल्या जागी) आणलं, तेव्हा २०२१-२२ मध्ये त्याचे ३८ गोल झाले. त्याआधी एका हंगामात दहाचाही आकडा त्याने गाठला नव्हता. त्यामुळे कुठल्या लाइनमध्ये, किती मिनिटं, पॉवर प्ले आहे की नाही, हे लिहिल्याशिवाय पोराच्या नावापुढे मत लिहू नका.

पायरी ८: अंदाज पट्ट्यात लिहा

"३० गोल करेल" असं लिहू नका. "२३ व्या वर्षी पहिल्या दोन लाइनमध्ये असेल तर २० ते ३०, तिसऱ्या लाइनमध्ये असेल तर १० ते १५" असं लिहा, खाली तारीख टाका, आणि दर वर्षी हंगामाच्या अर्ध्यावर पान उघडून शॉटचे रकाने ताजे करा. गोलांनी दगा दिला पण शॉट आणि आतले शॉट वाढत असतील तर पट्टा खाली आणू नका. लिऑन ड्रायसायटलला एडमंटनने २०१४-१५ मध्ये ३७ सामन्यांत २ गोलांनंतर ज्युनियरला परत धाडलं होतं. २०१८-१९ मध्ये त्याचे ५० झाले. टॉम्पसन ३८ गोलांच्या हंगामात २४ वर्षांचा होता, म्हणून पंचविशीपर्यंत तरी कुणाच्या पानावर काट मारू नका.