दौऱ्यावरचं संगीत नाटक बघताना

आवडतं संगीत नाटक दौऱ्यावर पुण्यात आलं की आपण पहिल्या रांगेसाठी धावतो. मी तरी आता ते सोडलंय. ऑर्गन आणि तबला बहुतेक वेळा रंगमंचाच्या अगदी पुढ्यात, एका बाजूला असतो. पहिल्या रांगेत त्या बाजूला बसलात तर तबल्याची थाप छातीवर येते आणि नाट्यपदातले शब्द मात्र हरवतात. सातवी ते बारावी रांग, मधल्या खुर्च्या. गाणं आणि चेहरा दोन्ही मिळतं.

तिकीट काढण्याआधी जाहिरातीतली नटसंचाची नावं नीट वाचा. दौऱ्यात भूमिका बदलतात. ‘सौभद्र’ हे संगीत नाटक १८८२ पासून चालू आहे, कृष्ण कोण गातोय हाच तर प्रश्न असतो! आणि पदं आदल्या रात्री एकदा ऐकून जा, म्हणजे गायकाने कुठे नवी जागा, म्हणजे सुरांची नवी हरकत, घेतली ते कळतं. वन्समोअर मात्र तान संपल्यावर, मध्येच नाही.

बालगंधर्व रंगमंदिरात प्रयोग असेल तर गाडी घरीच ठेवा. जंगली महाराज रस्त्यावर जागा शोधता शोधता तिसरी घंटा होते, आणि नांदी, म्हणजे सुरुवातीचं स्तवन, चुकली की निम्मी मजा गेली. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर मेट्रोने उतरलात तर चालत पोचता. मध्यंतराची घंटा होताच उठा, नाहीतर बटाटेवड्याच्या रांगेतच दुसरा अंक सुरू होतो.