पोडावरच्या पेशंटला नागपूरला भरती करताना

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, आशाताईंसोबत (गावातल्या आरोग्यसेविकांसोबत) काम करते. डोक्याच्या आजाराचा पेशंट नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायचा झाला की लोक आधी गाडीभाडं जमवतात. मी म्हणते, आधी सोबत कोण जाणार ते ठरवा. कोलामी आणि मराठी दोन्ही नीट बोलणारं घरचंच माणूस हवं, बाईसोबत शक्यतो बाईच.

आमच्या एका पोडावरची बाळंतीण एका दवाखान्यात भरती होती. केसपेपरवर लिहिलं होतं, ‘उत्तर देत नाही.’ नणंदेनं जवळ बसून कोलामीत विचारलं, तर बाई बोलतच सुटली. बाळ कोणाजवळ आहे, त्याला पाजतं कोण, मला घरी कधी नेता? आजार होताच, पण मुकेपणा त्यातला नव्हता. मोठ्या माणसासमोर खाली मान घालून गप्प बसणं ही पोडावरची रीत आहे, हे डॉक्टरला कोणीतरी सांगायलाच हवं.

निघण्याआधी कागदावर लिहून घ्या: झोप कधीपासून उडाली, दारू किती, फिट येते का, आधी कोणती गोळी चालू होती. भगताकडे नेलं असेल तर लपवू नका. पाजलेली जडीबुटी डॉक्टरला कळलीच पाहिजे. घरात खायला आहे का, कर्ज किती, हेही सांगा. उपाशी माणूससुद्धा रात्रभर जागतो, चिडतो.

आधार, रेशनकार्ड सोबत घ्या. पिवळं कार्ड नाही म्हणून माघारी फिरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. साखळीनं बांधायलाही त्याच कायद्यानं बंदी आहे.

पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, तपासणी करून भरती होते. तीही सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवस. घरच्यांना ही मुदत नीट समजावा. कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्यातून सुट्टी झाली तर रोजी बुडते म्हणून न्यायला कोणी जात नाही, आणि बरा झालेला माणूस वॉर्डात वाट पाहत राहतो. म्हणून भरतीच्या दिवशीच न्यायला येणाऱ्याचं नाव आणि गावातला एक चालू फोन नंबर सिस्टरकडे लिहून द्या.

सुट्टीच्या चिठ्ठीची झेरॉक्स आशाताईकडे ठेवा. पुढच्या गोळ्या यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून घेता येतील का, हे नागपूर सोडण्याआधीच विचारा. बरं वाटलं म्हणून गोळी मनानं बंद करू नका. अडलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.